खरखर

शिरूर कासारच्या अभिमन्यूकडं जॅझच्या चाळीस रेकॉर्डी होत्या. वादन जुनं, पण रेकॉर्डी कोऱ्या. हल्ली नव्यानं मोजक्याच छापलेल्या. सुई टेकली की त्याचा श्वास अडकायचा आणि पहिला सूर स्वच्छ निघाला की सुटायचा. भिंतीला टेकून बसलेली त्याची आई, बायनाबाई, डोळे मिटून म्हणायची, "तुजी पिपाणी लई ग्वाड हाय रं."

आज त्याचा मित्र बजरंग पुण्याच्या जुन्या बाजारातून साठ वर्षांमागची रेकॉर्ड घेऊन आला.

"नव्या कावून घेतो बे? ही बघ अस्सल!"

"ती लावू नको. माय घरात हाय."

"मावशी काय खाती का तिला?" म्हणत बजरंगनं सुई टेकवलीसुद्धा.

सुराआधी खरखर निघाली. तडतड, तडतड, वाळल्या पाचटातून जाळ पळत यावा तशी. अभिमन्यूनं झडप घालून सुई उचलली, तोवर बायनाबाई अनवाणी अंगणात पोचली होती.

"फड पेटला रं! मंगल कोपीत निजलीय!"

उसाच्या फडावरच्या त्या आगीत पाचटाच्या झोपडीत निजलेली सहा महिन्यांची मंगल गेली, तेव्हा तिचा भाऊ अभिमन्यू सहा वर्षांचा होता. त्यानं धावत जाऊन आईला पोटाशी धरलं.

"काढली, माय. म्या काढली तिला भाईर."

बायनाबाईनं त्याच्या तोंडाकडं पाहिलं.

"रडली का रं लई?"

"न्हाई, माय," तो म्हणाला. "झोपेतच व्हती."