मागायच्या आधी

निजामाचं राज्य गेल्यावर वर्षभरानं आरमारातला चंपत पांढऱ्याशुभ्र गणवेशात भीमपूरला सुटीवर आला. “काय करून राह्यला बाबू?” पारावरच्या म्हाताऱ्यांनी विचारलं. “जहाजांसाठी रसद गोळा करतो,” तो ऐटीत म्हणाला. “आमचं तत्त्वच आहे, मागायच्या आधी रसद पोचली पाहिजे. उशीर खपत नाही.” म्हातारे एकेक करून उठले. चंपतला वाटलं, आपली छाप पडली. सकाळी दारात शेजारची बयनाबाई उभी, पाय बांधलेली एकुलती कोंबडी हातात. लहानपणी हिनंच त्याला मांडीवर घेऊन भरवलेलं. “घ्या सायेब,” ती खालमानेनं म्हणाली, “मागाच्या आदीच आनली.” तेव्हा त्याला आठवलं: निजामाचे अंमलदार दौऱ्यात गावाकडून जे फुकट उकळायचे, त्यालाही रसदच म्हणत. शरमून त्यानं कोंबडीचे पाय सोडले. “मावशे, मी चंपत व्हय ना!” बयनाबाई आणखीच घाबरली. “एक कमी पडते काय, सायेब?”