कालचं रक्त

"इथे थांबता येणार नाही," लॅबवाली म्हणाली.

"मी कुठे थांबलेय? नुसती उभी आहे."

दारातली ती बस ड्रायव्हरची बायको. नवऱ्याचे बूट काखेत. काल त्याच्या छातीतली मुख्य रक्तवाहिनी आतून फाटली, तातडीनं ऑपरेशन झालं, आणि अजून त्यानं डोळे उघडले नव्हते. त्याच्या रक्ताची नवी नळी आत्ता मशिनमध्ये होती.

लॅबवालीला सगळे 'भविष्यबाई' म्हणत. ऑपरेशनआधीच्या रक्तातले काही घटक मोजून माणूस तरेल की नाही, याचा अंदाज ती बांधायची. पद्धत नवी, अजून पारखली जात होती. म्हणून अंदाज सर्जनला सांगायचा नाही, असा नियम. काल सर्जननं फोनवर विचारलंच, "भविष्यबाई, काय म्हणतात ग्रह?"

"तुम्ही टाके घाला. ग्रहांचं मी बघते."

ग्रह म्हणत होते, नाही. असं रक्त असलेले दहांतले नऊ परत येत नाहीत.

"ताई, चांगलं निघेल ना?" दारातून बायकोनं विचारलं.

उत्तर होतं. ओठांवर आणण्यासारखं नव्हतं.

मशिन थांबलं. भविष्यबाईनं आकडा वाचला. चष्मा पुसला. पुन्हा वाचला. लॅक्टेट. शरीराला प्राणवायू कमी पडला की रक्तात चढतं ते. काल डोक्यावरून पाणी गेलेलं. आज

उतरलं होतं. चांगलं धाडकन उतरलं होतं.

तिनं फोन लावला. "साहेब, लॅक्टेट खाली आलं!"

"इकडे त्यानं डोळे उघडलेत," सर्जन म्हणाला. "उजवा पाय सारखा दाबतोय. ब्रेक मारतोय गडी."

फोनमधला तो मोठा आवाज बायकोनंही ऐकला. आधी हसली. मग नाक ओढलं. मग पुन्हा हसली.

"तुमच्या मशिननं वाचवलं हो त्यांना."

"कसलं वाचवतंय! काल तेच म्हणत होतं की..." भविष्यबाईनं जीभ चावली. पण समोरची बाई उत्तराची वाट बघत होती. "कालचं रक्त म्हणत होतं, जगणार नाहीत."



"पण कालचं रक्त राहिलंय कुठे, ताई? निम्म्याहून जास्त वाहून गेलं म्हणाले. अंगात सगळं लोकांचंच भरलंय."

भविष्यबाई बघतच राहिली. आपण चुकलो याचं एवढं सुख तिला जन्मात झालं नव्हतं.

"कुणाकुणाचं भरलं?" बायकोनं विचारलं. "सांगा. एकेकाच्या दारात जाऊन हात जोडून येते."

"ते सांगत नाहीत. आम्हालाही ठाऊक नसतं."

"मग उपकार फेडायचे कुणाचे?"

बायकोनं बूट टेबलावर ठेवले, बाही वर सारली आणि हात पुढे केला.

"अहो, इथे नाही घेत! रक्तपेढी खाली आहे."

"मग दाखवा. बूट राहू देत, येतेच."

"चला. मीही येते."

आणि जिना उतरता उतरता भविष्यबाई स्वतःच्या कोटाच्या बाहीचं बटण काढू लागली.