अंगावरचं

सोनं म्हणजे आईचा जीव की प्राण. म्हणून पहिला पगार होताच तिला सराफाकडे नेलं. तिनं बांगड्या हातात चढवल्या, उजेडात फिरवून पाहिल्या आणि काढून ठेवल्या.

"नको गं. त्यापेक्षा समोरच्या दुकानातले ते निळे रेशमी कपडे घे मला."

"अगं, कपडे विटतात. सोनं जन्मभर अंगावर राहतं."

"जन्मभरच ना!" आई हसली. "पंचवीस वर्षं वॉर्डात आयाबाई आहे मी. बाई गेली की आधी बांगड्या उतरवून लेकीच्या हातात देते. सोबत जातात ते अंगावरचे कपडेच."

"काहीतरीच तुझं!" मी वैतागले. "आणि घालणार कधी ते?"

तिनं पर्समधला घडी घातलेला रिपोर्ट माझ्या हातात ठेवला.

"डॉक्टर म्हणतात, दोन महिन्यांत."