अर्धा आटा

"मिस्त्री, फियाट रुसलीय की परत."

चंद्रिकाबाईंनी किल्ली हाशमच्या हातात ठेवली आणि सवयीने गॅरेजच्या दाराजवळच्या स्टुलावर बसल्या. उभी राहिली की गाडी बंद पडते, ही तक्रार जुनीच होती. या वेळी मात्र ती होटगी रस्त्यावर भर रहदारीत बंद पडली होती आणि मागच्या ट्रकने कसाबसा ब्रेक लावला होता. बाई हे हसत सांगत होत्या. हाशमने त्यांना चहा दिला आणि ट्रक किती जवळ आला होता, ते दोनदा विचारले.

तरुणपणी याच गाडीतून बाईंचे यजमान मल्लिनाथ मद्रासकडच्या शर्यतींना जात. दारावरचा शर्यतीचा आकडा नव्या रंगाखालून अजून पुसट दिसे. निघण्याच्या आदल्या संध्याकाळी हाशम कार्बोरेटरवर वाकलेला असे आणि नवी नवरी चंद्रिका शेजारी उजेडासाठी बॅटरी धरून उभी असे. इंजिनाचा सूर लागला की मगच ती बॅटरी विझवी. आता शर्यती मुलांच्या मोबाइलमध्ये धावतात. रस्त्यावरच्या नव्या गाड्या तर आवाज न करताच निघून जातात. मल्लिनाथही तसेच गेले.

गॅरेजमध्ये हाशमचा मुलगा उमर आता विजेच्या स्कूटर दुरुस्त करी. अब्बांचा एक कोपरा आणि गाडीखाली उतरण्याचा खड्डा तेवढा उरला होता. ही एक फियाट यायची थांबली की खड्डा बुजवून चार्जिंगची सोय करू, असे तो अनेकदा म्हणे.

फियाट यायची थांबली नव्हती, कारण हाशमने ती थांबू दिली नव्हती. मल्लिनाथ गेल्यापासून दर दुरुस्तीच्या शेवटी कार्बोरेटरचा एक स्क्रू तो अर्धा आटा सैल सोडत आला होता. धक्क्यांनी तो हळूहळू आणखी फिरे, इंजिन अडखळू लागे आणि महिन्याभरात बाई पुन्हा त्या स्टुलावर येऊन बसत. एवढेच. त्यापलीकडचे काही त्याने स्वतःशीही कधी उच्चारले नव्हते.

आज त्याने स्क्रू पुरता आवळला. तो फिरू नये म्हणून काडीने त्यावर लाल रंगाचा ठिपका दिला. रंग वाळेपर्यंत तो बॉनेट धरून उभा राहिला.

"बाई, आता वर्षभर तरी इकडं यावं लागणार न्हाय."

चंद्रिकाबाई उठून त्या ठिपक्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "बरं. चहा तेवढा संपवते."

पुढच्या आठवड्यात उमरने खड्ड्यासाठी मुरूम आणून टाकला. हाशम आपला लाकडी मुठीचा लहान स्क्रूड्रायव्हर शोधत होता. फियाट दुरुस्त केली त्या दिवसापासून तो सापडत नव्हता.

तेवढ्यात गल्लीच्या टोकाकडून फियाटचा आवाज आला. सूर अगदी नेमका लागलेला होता. कोपऱ्यावर तो थांबला. थोड्या वेळाने पुन्हा सुरू झाला, तो अडखळतच, आणि गाडी फाटकाशी येऊन बंद पडली.

"हातातली कला गेली की अब्बा तुमच्या," उमर म्हणाला.

हाशमने खालमानेने बॉनेट उचलले. लाल ठिपका मधोमध चिरला होता.

चंद्रिकाबाई स्टुलावर बसल्या. त्यांनी पर्स उघडून लाकडी मुठीचा लहान स्क्रूड्रायव्हर काढला आणि त्याच्यापुढे धरला.

"गाडीतच राहिला होता तुमचा."

त्याच्या टोकाला लाल रंग लागलेला होता.