डुएनचा फोन कुठे अडकला

आमच्या कॅनडातल्या, सस्कॅचवानमधल्या एवढ्याशा गावात एक वेळ घटस्फोट खपतो, पण न्हावी बदललेला खपत नाही. डुएन तर लग्नाआधीपासून लॉर्नच्याच खुर्चीत बसतो, आणि हे तोच सगळ्यांना ऐकवतो.

त्या शनिवारी केस कापून घेताना तो फोनवर हॉकी बघत होता. गोल होणार, इतक्यात चित्र थबकलं.

"लॉर्न, तुझं वायफाय तुझ्यापेक्षा म्हातारं झालंय!"

"आण इकडे." लॉर्नने कात्री ठेवली, चष्मा नाकावर ओढला आणि फोनच्या सेटिंगमध्ये शिरला. "अरे, तू माझ्या वायफायवर नाहीसच. समोरच्या ब्रेटच्या सलूनचं पकडलंय."

"आपोआप लागलं असेल."

"लागतं ना आपोआप. आधी एकदा तिथे बसून पासवर्ड टाकला की."

बाकावर नंबर लावून बसलेल्या आम्ही सगळ्यांनी पेपरात तोंड खुपसलं. डुएन कानापर्यंत लाल.

"एकदाच गेलो रे. तू गोठलेल्या तळ्यावर मासे धरायला गेला होतास."

लॉर्नने त्याचं डोकं हलकेच पुढे वाकवलं आणि मोठा सुस्कारा सोडला.

"म्हणजे कानामागचं हे खिंडार ब्रेटचं! आणि मी मघापासून गेल्या वेळी माझाच हात चुकला समजून दुकान बंद करायचा विचार करतोय."