बायकोचं पूर्ण नाव

माझे गुडघे गेले तसा यांनी हट्टच धरला. उद्या मी अंथरुणाला खिळले तर काळजी घ्यायला माणूस हवा, त्या खर्चाचा विमा दोघांसाठी आताच काढायचा. एजंट शिकागोजवळच्या आमच्या शॉमबर्गमधलाच, घरी येणारा हवा होता. शेवटी महाराष्ट्र मंडळाच्या डिरेक्टरीत सुशांत सापडला. शनिवारी तो आला आणि चहा घेत अर्ज भरू लागला.

“काका, स्मरणशक्तीची काही तक्रार?”

“छे रे! अजून औटकीचा पाढा पाठ आहे. म्हणून दाखवू?”

“नको, नको! बरं, काकूंचं पूर्ण नाव सांगा.”

हे थबकले. मग मोठ्याने हसले. “आमच्या पिढीत बायकोचं नाव घेत नाहीत.”

“मग उखाण्यात घ्या की, काका!”

“ते बायकांचं काम. तिलाच विचार.”

सुशांत खो खो हसला. मीही हसले आणि माझं नाव सांगितलं. ते नाव हे ओठांतल्या ओठांत दोनदा पुटपुटले.

लग्नाला बेचाळीस वर्षं झाली होती. पहिल्या दिवसापासून, सासूबाई डोळे वटारायच्या तरी, हे मला चारचौघांत नावानेच हाक मारत आले होते.