आधी कुणाला कळवायचं?

धरणाच्या भिंतीतून गढूळ पाणी झिरपू लागलं, तसा धरणावरचा अधिकारी हादरला. त्याने घाईघाईने वरिष्ठांना फोन लावला.

"भोंगा वाजवू नका," वरिष्ठ म्हणाले. "आधी मंत्र्यांची परवानगी येऊ दे. उगाच घबराट पसरली, तर तुमची नोकरी गेलीच म्हणून समजा."

त्याने फोन ठेवला, तसा सहकारी जवळ सरकला. "साहेब, तुमची धाकटी बहीण खालच्याच वस्तीत राहते ना? तिला तरी गुपचूप कळवा. कुणाला पत्ताही लागणार नाही."

त्याने मोबाइल उचलला. बहिणीचं नाव समोर आलं आणि अंगठा त्यावरच थांबला.

"ही खुर्ची अमानत आहे माझ्याकडे," तो पुटपुटला. "खाली राहणाऱ्या सगळ्यांची. एकट्या बहिणीला वाचवून अल्लासमोर कोणत्या तोंडाने उभा राहू?"

त्याने मोबाइल बाजूला ठेवला आणि भोंग्याचं बटण दाबलं.

मग मात्र त्याला राहवेना. त्याने बहिणीला फोन लावला. रिंग नुसती वाजत राहिली. पुन्हा लावला, पुन्हा तेच. समोर भिंतीचा एक तुकडा निखळून पाण्यात गेला. दुआसाठी त्याने हात उचलले.

तेवढ्यात अनोळखी नंबरवरून फोन आला.

"भाईजान, टेकडीवर आहे मी. सगळी वस्ती वर आलीय." बहिणीला धाप लागली होती. "शेजारणीकडे बसले होते, भोंगा ऐकला आणि तशीच पळत सुटले. माझा मोबाइल तर सकाळपासून घरातच पडलाय."